मेक्सिकोत निवृत्त व्हावे का? सुरक्षिततेचा हिशेब मांडण्याची एक पद्धत

कोल्हापुरातील काही घरांत हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. कोणाचा मुलगा मॉन्टेरे किंवा केरेतारोच्या वाहन उद्योगात स्थिरावलेला असतो, कोणाची मुलगी ग्वादालाहाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत असते, तर कोणी स्वतःच उमेदीची वर्षे टेक्सासमध्ये काढलेली असतात आणि निवृत्तीनंतर तेथील दवाखान्याचा खर्च पेलणार नाही, म्हणून शेजारच्या स्वस्त देशाकडे पाहत असतात. अशा घरांत चर्चा सुरू झाली की एक जण म्हणतो, तिकडे रोज गोळ्या चालतात. दुसरा म्हणतो, तिकडे हजारो अमेरिकन पेन्शनर सुखाने राहतात. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्हींपैकी एकावरूनही निर्णय घेता येत नाही.

आधी भीतीचे माप घ्यावे. मेक्सिकोची लोकसंख्या सुमारे १३ कोटी आहे आणि २०१८ पासून पुढची काही वर्षे तेथे दरवर्षी ३० हजारांहून अधिक खून झाले. म्हणजे लाख लोकांमागे साधारण २५. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली २८,५२२ खुनांची नोंद केली, पण ती १४० कोटींच्या देशात, म्हणजे लाखामागे दोनच्या आसपास. हा फरक दहापटींहून मोठा आहे आणि ‘गुन्हे काय, सगळीकडेच होतात’ असे म्हणून तो झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र हीच सरासरी राज्यवार फोडली की चित्र पार बदलते. युकातान राज्यात खुनाचे प्रमाण भारताच्या सरासरीच्या जवळपास आहे, तर पॅसिफिक किनाऱ्यावरील कोलिमा या छोट्या राज्यात अलीकडच्या काही वर्षांत ते लाखामागे शंभरच्या घरात गेलेले आहे. एकाच देशातील या दोन राज्यांची सरासरी काढून तिच्यावर आपले म्हातारपण ठरवण्यात काहीच अर्थ नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात दूरचित्रवाणीवर ‘कोल्हापूर पाण्याखाली’ असे दिसत होते आणि परगावचे नातेवाईक घाबरून फोन करत होते. पण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका आणि त्या पातळीला सुतारवाड्यात पाणी येते की शाहूपुरीत, हे येथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मेक्सिकोबद्दल आपण त्या परगावच्या नातेवाइकाच्या जागी आहोत. म्हणून पहिले काम ‘मेक्सिको’ हा शब्द बाजूला ठेवून राज्य, मग शहर, मग वस्ती अशा क्रमाने खाली उतरण्याचे आहे. आणि वस्तीपर्यंत उतरता येत नसेल, तर निर्णय घेण्याइतकी माहिती आपल्याकडे अजून नाही असे समजावे.

हे उतरणे कसे करावे? अमेरिकेचे परराष्ट्र खाते मेक्सिकोच्या ३२ राज्यघटकांसाठी स्वतंत्र प्रवाससूचना देते आणि त्यांची एक ते चार अशी श्रेणी लावते. युकातान वर्षानुवर्षे सर्वांत खालच्या, म्हणजे कमी धोक्याच्या श्रेणीत राहिलेले आहे. सिनालोआ, तामाउलिपास, गेरेरो, मिचोआकान यांसारखी राज्ये दीर्घकाळ चौथ्या श्रेणीत आहेत. या सूचनेतील खरा उपयोगाचा भाग श्रेणीत नसतो; आपल्या कर्मचाऱ्यांना त्या खात्याने कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या वेळी जाण्यास मनाई केली आहे, त्या बारीक मजकुरात तो असतो. दुसरा आधार म्हणजे मेक्सिकोची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था ‘इनेही’. ती दर तीन महिन्यांनी शहरवार पाहणी करून, आपल्या शहरात असुरक्षित वाटते असे किती टक्के प्रौढ नागरिक म्हणतात, ते प्रसिद्ध करते. तेथे राहणाऱ्यांनाच काय वाटते हे कळण्याचा यापेक्षा चांगला मार्ग नाही.

आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. याच संस्थेच्या वार्षिक पाहणीनुसार मेक्सिकोतील नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांची एकतर तक्रारच होत नाही किंवा तपास सुरू होत नाही. त्यामुळे चोरी, लूट, खंडणी यांचे पोलिसी आकडे कमी दिसले, तर ते शहर शांत आहे असा निष्कर्ष काढू नये. लोकांनी पोलिसांकडे जाणेच सोडलेले असू शकते. खुनांचा आकडा त्या मानाने विश्वासार्ह असतो, पण तोही अपुरा आहे, कारण बेपत्ता व्यक्तींच्या सरकारी नोंदवहीने २०२२ मध्येच एक लाखाचा टप्पा ओलांडला आहे. तेव्हा खून, बेपत्ता आणि लोकांची भावना, या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

निवृत्तांच्या आवडीच्या तीन ठिकाणांना ही कसोटी लावून पाहता येईल. युकातानची राजधानी मेरिदा सुरक्षिततेत सरस आहे. तेथे अडचण हवामानाची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, हवा दमट असते आणि जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. चापाला सरोवराकाठचे आहिहिक हे गाव उत्तर अमेरिकेतील पेन्शनरांचे जुने ठाणे आहे. तेथे परदेशी रहिवाशांची मदत संस्था १९५५ पासून चालू आहे आणि हवा तर कोल्हापूरकराला मानवेल अशी. मात्र हे गाव हालिस्को राज्यात आहे आणि देशातील सर्वांत बलाढ्य टोळ्यांपैकी एक त्याच राज्याचे नाव लावते. तिसरे सान मिगेल दे आयेंदे. २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे देखणे शहर ज्या ग्वानाह्वातो राज्यात आहे, त्या राज्याने कित्येक वर्षे एकूण खुनांच्या संख्येत देशात वरचा क्रमांक राखला. तेथील हिंसाचार मुख्यतः सेलाया, सालामान्का, इरापुआतो या औद्योगिक पट्ट्यात, तेलवाहिन्यांतील इंधनचोरीच्या भांडणातून झाला. पण सेलाया सान मिगेलपासून साधारण पन्नास किलोमीटरवरच आहे. माझे मत विचाराल, तर पासष्टी ओलांडलेल्या आणि स्पॅनिश न येणाऱ्या दांपत्याने मेरिदाचा उकाडा सोसणे अधिक शहाणपणाचे आहे.

शिवाय आजची शांतता उद्याची हमी देत नाही. सिनालोआची राजधानी असलेल्या कुलियाकान शहरात एकाच टोळीचे वर्चस्व असल्याने तेथील जीवन एका चाकोरीत चालले होते. जुलै २०२४ मध्ये त्या टोळीच्या म्होरक्याला अमेरिकेत अटक झाली आणि सप्टेंबरपासून दोन गटांच्या लढाईत शाळा आणि दुकाने बंद ठेवण्याची वेळ आली. म्हणून मेक्सिकोत घर विकत घेण्याची घाई करू नये, हा या लेखातील सर्वांत ठाम सल्ला आहे. भाड्याच्या घरातून लवकर निघता येते. विकत घेतलेले घर नेमके निघायची वेळ येते तेव्हाच विकले जात नाही.

खरेदीत कायद्याच्या गुंतागुंतीही आहेत. मेक्सिकोच्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमानुसार समुद्रकिनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. बँकेमार्फत ‘फिदेइकोमिसो’ नावाचा ५० वर्षांचा विश्वस्त करार करावा लागतो. स्वस्तात मिळणारी जमीन बऱ्याचदा ‘एहिदो’ म्हणजे गावाच्या सामाईक मालकीची असते आणि ती परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. गावठाणाच्या आणि वतनाच्या जमिनींचे दावे पाहिलेल्या कोल्हापूरकराला यापुढचे समजावून सांगण्याची गरज नाही. भाड्याने घर घेतानाही मालक बहुधा त्याच शहरात मालमत्ता असलेला जामीनदार मागतो. तो नसेल तर कायदेशीर हमीपत्र विकत घ्यावे लागते, त्याचा खर्च आधीच धरावा.

आता धोका नेमका कोणाला, हे पाहू. टोळ्यांच्या हिंसाचाराचे बळी प्रामुख्याने टोळ्यांतील माणसे, पोलीस, पत्रकार, स्थानिक उमेदवार आणि ‘पिसो’ नावाची खंडणी न देणारे व्यावसायिक असतात. घर, बाजार आणि बाग एवढ्यातच वावरणाऱ्या वृद्ध जोडप्याचा संबंध वेगळ्या संकटांशी येतो. ‘तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे’ असे सांगून पैसे उकळणारे खोटे अपहरणाचे फोन तेथे नित्याचे आहेत. त्यावर उपाय म्हणजे फोन ठेवून मुलाला स्वतः फोन करणे आणि घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवणे. पैसे काढायचे ते बँकेच्या आतील एटीएममधून, दिवसा. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवू नये. शहराबाहेर जाताना टोलचा ‘क्वोता’ रस्ताच धरावा आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. आपत्कालीन क्रमांक ९११ आहे, पण पलीकडचा माणूस स्पॅनिशमध्ये बोलतो. पत्ता आणि आजार सांगण्यापुरती स्पॅनिश आली नाही, तर तो क्रमांक असून नसल्यासारखा.

याच ओघात दोन गोष्टी, खास आपल्या माणसांसाठी. निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून तांबड्या-पांढऱ्याची छोटी खानावळ काढण्याची कल्पना मोहक असली, तरी तेथे ती काढू नये, कारण दुकानाची पाटी लागली की खंडणीवाल्याच्या नजरेत आपण रहिवासी न राहता व्यावसायिक होतो. आणि घटनेचे ३३ वे कलम परदेशी व्यक्तींना देशाच्या राजकारणात भाग घेण्यास मनाई करते. चौकात बसून निवडणुकीचा निकाल लावण्याची सवय असलेल्या गृहस्थांना हे जड जाईल, पण तेथे गप्प राहावे लागेल.

माझ्या दृष्टीने गोळीपेक्षा मोठा धोका दवाखान्याचा आहे. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवर आहे आणि सान मिगेल १,९०० मीटरच्या आसपास; कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या थोडे वर आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल, तर शहर ठरवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना उंचीबद्दल विचारावे. खासगी रुग्णालये चांगली आहेत, पण दाखल करून घेतानाच अनामत रक्कम किंवा क्रेडिट कार्डाची हमी मागतात. साठी-सत्तरीच्या दरम्यान नवी खासगी विमा पॉलिसी मिळणे अवघड होत जाते. सरकारी ‘इम्स’ योजनेत स्वेच्छेने सामील होता येते. मात्र आधीपासूनच्या काही आजारांना तेथे प्रवेशच नाही आणि काही उपचारांसाठी थांबावे लागते. अमेरिकेतून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की मेडिकेअर हा तेथील ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा सहसा मेक्सिकोतील उपचारांचे पैसे देत नाही आणि ग्रीन कार्डधारकाने वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ते कार्डच धोक्यात येते.

व्हिसाचा भाग तुलनेने सरळ आहे. भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर मेक्सिकोत पर्यटक म्हणून वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येते आणि १८० दिवसांपर्यंत राहण्याची मुभा मिळू शकते. कायम राहायचे तर ‘तात्पुरता रहिवासी’ परवाना आधी एक वर्षाचा मिळतो आणि चार वर्षांपर्यंत वाढतो. उत्पन्नाची अट तेथील किमान वेतनाच्या पटीत असते आणि दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये ती महिन्याला चार हजार डॉलरच्या थोडी वर होती. निव्वळ भारतीय पेन्शनवर ही अट पुरी होणे कठीण, त्यामुळे अनेकांना ठेवी दाखवण्याचा पर्याय घ्यावा लागेल. मुलगा किंवा मुलगी तेथील रहिवासी असेल, तर आई-वडिलांना कुटुंब एकत्र ठेवण्याच्या तरतुदीखाली अर्ज करता येतो. कोल्हापुरातून जाणाऱ्यांसाठी हाच मार्ग व्यवहार्य आहे.

पैशांचे सोपस्कार निघण्यापूर्वी उरकावेत. कायमच्या वास्तव्यासाठी देश सोडल्यावर बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे खाते करून घ्यावे लागते, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवी गुंतवणूक करता येत नाही आणि पेन्शन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो. भारत आणि मेक्सिको यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. आपल्या उत्पन्नाला तो कसा लागू होतो, हे चार्टर्ड अकाउंटंटकडून लेखी घ्यावे.

कागदावरचा हिशेब जमला, तरी प्रत्यक्ष राहून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. सर्वजण जानेवारीत जातात, तेव्हा हवा आल्हाददायक असते आणि गाव पर्यटकांनी गजबजलेले असते. आपण मेरिदाला मे महिन्यात जावे, चापालाला पावसाळ्यात जावे, आणि हॉटेलात न उतरता ज्या वस्तीत राहायचे आहे तेथेच किमान दोन-तीन महिने भाड्याने घर घ्यावे. रात्री आठनंतर शेजारच्या बायका एकट्या बाहेर पडतात का, औषधाचे दुकान किती वाजता बंद होते, खिडक्यांना गज आणि भिंतींवर विजेच्या तारा आहेत का, पदपथ धड आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे. औषध दुकानदाराला आणि शाळेत मुले सोडायला आलेल्या आयांना विचारावे. घरांचा दलाल सगळीकडे ‘येथे काहीच भीती नाही’ असेच सांगतो.

या मुक्कामात एक प्रयोग आवर्जून करावा. दोघांपैकी जो कमी बोलतो, ज्याला वाहन चालवता येत नाही किंवा फोनवरचे व्यवहार जमत नाहीत, त्याने आठवडाभर सगळी कामे एकट्याने करून पाहावीत: भाडे भरणे, पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा ‘गार्राफोन’ मागवणे, डॉक्टरांची वेळ घेणे. कधीतरी दोघांपैकी एकच जण मागे राहणार आहे. भारतातून तेथे थेट विमान नाही, प्रवासाला दीड दिवस सहज लागतो आणि मेक्सिको सिटीत रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात तेव्हा कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी सकाळचे नऊ वाजलेले असतात. अडचणीच्या क्षणी कोल्हापूरचा भाऊ किंवा पुतण्या धावून येणे शक्य नाही. म्हणून ज्याला अधिक भीती वाटते, त्याच्या नकाराला घरात अंतिम अधिकार असावा. बहुमताने घेण्याचा हा निर्णय नाही.

दोघांचाही होकार आला, तर परतीच्या अटी निघण्यापूर्वीच कागदावर लिहून मुलांच्या हवाली कराव्यात: वस्तीत किंवा रोजच्या रस्त्यावर गोळीबार झाला, खंडणीचा एक जरी खरा फोन आला, दोघांपैकी एकाचे चालणे-फिरणे बंद झाले किंवा जोडीदार गेला, तर किती दिवसांत परत यायचे. कोल्हापूरचे घर पहिली दोन वर्षे विकू नये. अकरा महिन्यांच्या करारावर द्यावे आणि करारात एक महिन्याच्या नोटिशीचे कलम घालून घ्यावे. दोघांच्या परतीच्या तिकिटांचे आणि रुग्णालयाच्या अनामतीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि त्या खात्यावर मुलाचेही नाव असावे. मेक्सिको सिटीतील भारतीय दूतावासात नावे नोंदवून ठेवावीत आणि त्या नोंदीची एक प्रत शेजाऱ्याकडे द्यावी.