अ‍ॅक्सोलॉटलचे कल्ले पुढे वळले, त्यावर केलेला उपाय

आमच्या अ‍ॅक्सोलॉटलचे (पाण्यात राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी) डोक्याबाहेर असलेले कल्ले तोंडाच्या दिशेने वळायला लागले, शेपटीच्या टोकाला आकडा पडला, खाणंही मंदावलं. आधी पाणी तपासलं. घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, म्हणजे पाणी ठीक होतं. मग फिल्टरच्या धारेसमोर गांडुळाचा तुकडा सोडून बघितला, तर तो क्षणात टाकीच्या दुसऱ्या टोकाला! हा जीव मुळात मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या संथ पाण्यातला, सततचा प्रवाह त्याला सोसत नाही.

फिल्टरच्या तोंडाला भोकांची आडवी नळी बसवली आणि भोकं काचेकडे वळवली. धार काचेवर फुटते, वरचं पाणी मात्र हलत राहतं, म्हणजे ऑक्सिजनही मिळतो. हळूहळू कल्ले पुन्हा मागे गेले, पिसासारखे फुलले, भूकही परतली. नवीन टाकी लावणार असाल तर सरळ एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टरच घ्या.

तापमानाकडेही लक्ष हवं. १६ ते १८ अंश सेल्सिअस उत्तम, २४ च्या वर धोका. पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की बाष्पीभवनाने पाणी काही अंश उतरतं. पातळी घटते, ती क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरत राहा. बर्फ थेट टाकू नका, तापमान एकदम पडलेलंही त्याला झेपत नाही.