माउथ ऑर्गन शिकताना या चुका टाळा: दोन नंबरचं भोक बिघडलेलं नसतं

नवा माउथ ऑर्गन घेतला की आठवड्याभरात तक्रार ठरलेली: दोन नंबरच्या भोकातून श्वास ओढला तर सूर लागत नाही, नुसती फसफस. मी तर परत करायला दुकानात गेलो होतो. दुकानदाराने तो रुमालाने पुसला, तोंडाला लावला आणि तोच सूर खणखणीत वाजवून दाखवला. मुकाट घरी आलो.

दहा भोकांच्या सी स्केलच्या, म्हणजे पांढरी एकच्या माउथ ऑर्गनवर ही परीक्षा घरीच होते. तीन नंबर फुंकला की प वाजतो. दोन नंबर ओढला की अगदी तोच प यायला हवा. तो गुदमरलेला किंवा उतरलेला आला, तर बहुतेक वेळा वाद्य नाही, तोंड चुकतंय. आपण स्ट्रॉने उसाचा रस प्यावा तसे गाल आत घेतो, जीभ वर चढते आणि सूर ‘म’कडे घसरतो. (पुढे हेच मुद्दाम करायचं असतं, त्याला बेंडिंग म्हणतात. आत्ता नको.) एक आणि दोन ही भोकं मिळून ओढा, जांभई देताना सुटतो तसा जबडा सैल सोडा, श्वास पोटातून आणि सावकाश. सूर भरला की वाद्य हळूच डावीकडे सरकवून फक्त दोनवर या. तरीही जमेना तर नाक चिमटीत धरून ओढा. फरक पडला, तर हवा नाकातून येत होती.

सरगम एक नंबरपासून शोधू नका. पहिल्या तीन भोकांत म आणि ध नाहीतच. चार फुंकून सा, ओढून रे; पाचवर ग, म; सहावर प, ध. सातवर मात्र गाडी उलटी: आधी ओढून नि, मग फुंकून सा. सगळे अडखळतात ते इथेच. ध-नि-सा एवढाच तुकडा शंभरदा घासा.

एकाऐवजी दोन सूर वाजतात? वाद्य ओठांच्या टोकावर धरलंय. आतल्या ओलसर भागापर्यंत जाऊ द्या.

चोवीस भोकांचा ट्रेमोलो, म्हणजे वेगळ्या जातीचा माउथ ऑर्गन घेऊन दहा भोकांचे आकडे वाजवणारेही भेटतात. त्यावर हे आकडे लागूच होत नाहीत.

जोरात फुंकलं की रीड, म्हणजे सूर देणारी आतली धातूची पट्टी, थकते आणि कायमची बेसूर होते. दम लागला असं वाटतं तेव्हा कित्येकदा छाती उलट भरलेली असते. नाकातून हवा सोडा.

आणि वडापाव खाऊन लगेच वाजवायला बसू नका, आधी चूळ भरा. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर आपटा, थुंकी निघते. मधला भाग लाकडी असेल तर नळाखाली धरू नका, फुगतो.