दगडाची घनता काढायचीय? वजनकाटा, पाणी आणि दोरा एवढ्यावर भागतं

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे सगळ्यांना पाठ असतं. वस्तुमान काट्यावर लगेच कळतं, घोडं अडतं ते आकारमानापाशी, कारण वेड्यावाकड्या दगडाला पट्टी लावणार कुठे? मोजपात्रात दगड बुडवा आणि पाणी किती चढलं ते बघा असं पुस्तकात असतं, पण घरी मोजपात्र नसतं आणि असलं तरी दगड त्याच्या तोंडातून आत जात नाही. त्यापेक्षा आकारमान सरळ वजनकाट्यावरच वाचायचं.

किचनमधला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, एक रुंद तोंडाचं भांडं, पाणी, बारीक दोरा आणि मुठीत मावेल एवढा दगड. दगड फार छोटा नको. ५ घन सेंमीच्या खड्याला १ ग्रॅमची चूक म्हणजे २० टक्के गडबड, तीच ५० घन सेंमीच्या दगडाला फक्त २ टक्के.

१. भांडं अर्ध्याहून जरा जास्त भरून काट्यावर ठेवा आणि शून्य करायचं बटण दाबा.

२. दगडाला दोरा बांधा आणि तो पूर्ण बुडेल असा पाण्यात लटकवून धरा, तळाला किंवा बाजूला अजिबात टेकू द्यायचा नाही (हीच चूक सगळ्यात जास्त होते, जरा टेकला की आकडा भलताच येतो). चिकटलेले बुडबुडे हलवून काढून टाका, हात स्थिर ठेवा आणि आकडा वाचा. समजा ६० आला, तर दगडाचं आकारमान ६० घन सेंमी.

३. आता दोरा ढिला सोडा, दगड तळाला बसू दे. आता आलेला आकडा म्हणजे वस्तुमान. समजा १६२ ग्रॅम.

४. १६२ भागिले ६०, म्हणजे २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी. झालं.

आता खरी गंमत दुसऱ्या स्टेपमध्ये आहे. दगड तर दोऱ्याने तुम्ही धरलाय, मग काट्यावर वजन कशाचं वाढलं? याचं उत्तर दाबात आहे. द्रवात जितकं खोल जाल तितका दाब जास्त, सूत्र साधं आहे, खोली गुणिले घनता गुणिले g (गुरुत्वीय त्वरण, सुमारे ९.८). दगडाऐवजी ५ सेंमी बाजूचा ठोकळा धरू, हिशोब सोपा जातो. त्याचा वरचा पृष्ठभाग २ सेंमी खोल असेल तर तिथे पाण्यामुळे १९६ पास्कल दाब, खालचा ७ सेंमीवर, तिथे ६८६ पास्कल. फरक ४९० पास्कल, पृष्ठभाग ०.००२५ चौरस मीटर, गुणाकार केला की सुमारे १.२३ न्यूटन, आणि हे बल वरच्या दिशेने. हेच प्लावक बल. पाणी ठोकळ्याला वर ढकलतं तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने ठोकळा पाण्याला तेवढ्याच जोरात खाली ढकलतो आणि ते काट्याला कळतं. १.२३ न्यूटन म्हणजे काट्यावर १२५ ग्रॅम, आणि ठोकळ्याचं आकारमानही बरोबर १२५ घन सेंमी, कारण १ घन सेंमी पाणी जवळजवळ १ ग्रॅमचं असतं. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्याच वजनाचं बल तिला वर ढकलतं, हे आर्किमिडीजचं तत्त्व असं आकड्यांतून निघालं की पाठ करावं लागत नाही.

पटत नसेल तर लटकवलेला दगड अजून खाली न्या. आकडा बदलत नाही! दाब वरही वाढला आणि खालीही तेवढाच वाढला, फरक होता तेवढाच राहिला.

उत्तर बरोबर आलं का ते ताडून बघायला: ॲल्युमिनियम २.७, काच साधारण २.५, लोखंड ७.९. कुलूप मोजू नका, आत पोकळी असते, पाणी किती शिरतं त्यावर उत्तर हलत राहतं. विटेचा तुकडा पाणी पितो, तोही नको.

तरंगणाऱ्या वस्तूला दोरा लागतच नाही. मेणाचा किंवा लाकडाचा तुकडा नुसता पाण्यावर सोडला की येणारा आकडा त्याचं वस्तुमान, मग बारीक सुईने दाबून जेमतेम पूर्ण बुडवला की आकारमान. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठाच येणार, नाहीतर तुकडा तरंगला कसा असता?

आणि याच दगडाने दुसऱ्या द्रवांची घनताही निघते. पाण्यात लटकवून ६० आला होता ना, तोच दगड मिठाच्या पाण्यात लटकवल्यावर ६६ आला तर ६६ भागिले ६०, म्हणजे त्या पाण्याची घनता १.१. तेलात ५५ आला तर साधारण ०.९२. द्रव बदलला की काटा दरवेळी नव्याने शून्य करायचा, आणि तेलाची पाळी सगळ्यात शेवटी ठेवा, दगडावरचा तेलकटपणा साबणाने घासला तरी लवकर जात नाही.