लेखनाच्या ऑनलाइन अभिप्राय-गटात शिरताना या चुका टाळा

इंदूरमध्ये मराठीत लिहिणाऱ्याला श्रोते मिळतात आणि दादही मिळते. मिळत नाही तो हातात पेन्सिल घेऊन वाचणारा वाचक. या शहरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली, आणि मराठी वस्त्यांत गणेशोत्सवाच्या निमित्ताने काव्यवाचने आजही होतात. परंतु कथेच्या तिसऱ्या पानावर वाचकाचे लक्ष नेमके कोठे उडाले, हे अशा बैठकीत कोणी सांगत नाही, कारण तेथे जो तो कोणाचा तरी काका, मावशी किंवा शेजारी असतो. ही उणीव ऑनलाइन अभिप्राय-गट भरून काढू शकतो. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे आणि पुणे येथील बारा लिहिणाऱ्यांच्या एका बंदिस्त गटात मी सहा वर्षे आहे. या काळात उत्साहाने आलेले आणि दोन-तीन महिन्यांत निघून गेलेले बरेच जण मी पाहिले, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लेखनात खरोखर दम होता. त्यांना व्यासपीठ हवे होते आणि ते येऊन पोहोचले होते कारखान्यात, जेथे अर्धवट वस्तू मांडायची, उलगडायची आणि पुन्हा जुळवायची असते. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका याच गैरसमजातून होतात.

आल्याबरोबर स्वतःचे लेखन पुढे करणे

नवा सदस्य पहिल्याच दिवशी आपली सर्वांत लाडकी कथा पाठवतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. मीही तेच केले होते. काही मोठ्या गटांत इतरांच्या लेखनावर अभिप्राय लिहून गुण मिळवल्याशिवाय स्वतःचे लेखन ठेवताच येत नाही. लहान गटांत असा नियम नसतो, पण तो स्वतःपुरता पाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. आधी निदान तीन जणांचे लेखन सावकाश वाचावे आणि त्यावर लिहावे.

यात सौजन्याचा भाग आहेच, पण खरा लाभ वेगळा आहे. स्वतःचे लेखन वाचताना कागदावर नसलेले दुवे आपली स्मृती आपोआप भरते, त्यामुळे तेथे खड्डा आहे हे आपल्याला दिसत नाही. दुसऱ्याच्या खर्ड्यात तो लगेच दिसतो. एका सदस्याच्या कथेत नायिका पहाटे उठते, चहा ठेवते, पिशवी भरते, सरवटे बसस्थानकावर जाते आणि मग उज्जैनच्या बसमध्ये तिला ती व्यक्ती दिसते, जिच्यामुळे कथा घडते. ‘कथा बसमध्ये सुरू होते, त्याआधीची दीड पाने नसली तरी चालेल,’ असे मी लिहिले, आणि त्याच रात्री माझी कथा उघडली तर तिच्या आरंभीही तितकीच पाने नुसत्या उठण्याबसण्यात गेलेली होती. मला ही गोष्ट कोणी सांगितली असती तर मी कदाचित वाद घातला असता.

वाचताच न येणारी फाइल पाठवणे

मध्य प्रदेशातल्या टंकलेखनाच्या दुकानांत कृतीदेव हा फॉन्ट वर्षानुवर्षे वापरला गेला, त्यामुळे इकडच्या ज्येष्ठ लेखकांची मराठी हस्तलिखितेही पुष्कळदा त्यातच टाइप करून ठेवलेली असतात. कृतीदेव युनिकोड नाही, म्हणजे सर्व यंत्रांवर तीच अक्षरे दिसावीत यासाठी ठरलेल्या सर्वमान्य संकेतांत तो बसत नाही. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर हा मजकूर उघडला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते, आणि वाचणारा संकोचाने काही न बोलता पुढे जातो. असा मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर ओळीने वाचावा, कारण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हे रूपांतरात हमखास जागा सोडतात.

दुसरी अडचण हिंदी कळफलकाची. फोनवर हिंदी कळफलक ठेवून मराठी टाइप केले की ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते, आणि कधी कधी त्यातून अर्थच बदलतो: ‘आचाऱ्यांना बोलावले’ म्हणजे स्वयंपाकी आले, ‘आचार्यांना बोलावले’ म्हणजे गुरुजन आले. फोनवर मराठी भाषेचा कळफलक स्वतंत्रपणे घालून घ्यावा. संगणकावर इनस्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची कळमांडणी वापरत असाल तर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबल्यावर ऱ मिळतो आणि शिफ्टसह ‘एन’ची कळ दाबल्यावर ळ.

गूगल डॉक्सचा दुवा पाठवताना तो आरंभी फक्त तुमच्यापुरताच उघडा असतो, म्हणून पाठवण्याआधी परवानगी बदलावी लागते. मात्र सर्वांना संपादनाचा अधिकार देऊ नये. शेरे लिहिण्यापुरता अधिकार पुरेसा असतो. कोणी चुकून परिच्छेद पुसलाच, तर व्हर्जन हिस्ट्रीमधून आधीची प्रत परत मिळते. परिच्छेदांना क्रमांक दिले, तर फोनवर वाचणाऱ्यालाही ‘सातव्या परिच्छेदात’ असे नेमकेपणाने लिहिता येते. या एका सवयीने आमच्या गटातले अभिप्राय पुष्कळ सुधारले.

‘कशी वाटली?’ एवढेच विचारणे

या प्रश्नाचे उत्तर ‘छान’ असेच येते, आणि त्यात उत्तर देणाऱ्याचा दोष नसतो. खर्डा कितवा आहे, तो कशासाठी लिहिला आहे आणि तुम्हाला शंका कोठे आहे, हे चार ओळींत आधी सांगावे. ‘सासूचा राग खरा वाटतो का?’, ‘निवेदक मुलगा आहे हे कोणत्या परिच्छेदात कळले?’, ‘वाचणे कोठे थांबवावेसे वाटले?’ अशा प्रश्नांना ‘छान’ म्हणून सुटता येत नाही. एका वेळी दीड-दोन हजार शब्दांपेक्षा अधिक मजकूर पाठवू नये. कादंबरीचे मधले प्रकरण असेल तर मागच्या कथानकाचा थोडक्यात गोषवारा जोडावा.

अभिप्राय लिहिताना न्यायाधीश होणे, किंवा अगदीच गप्प राहणे

इंदूरचा मराठी समाज एकमेकांना ओळखतो. गटात सत्तरीचे निवृत्त बँक अधिकारी असतात, ज्यांना आपण लहानपणापासून काका म्हणत आलो, आणि त्यांच्या आत्मकथनातले प्रकरण कंटाळवाणे झाले आहे हे तिशीच्या मुलीने कसे लिहावे? बहुतेक जण तेव्हा ‘काका, खूप सुंदर’ असे लिहून मोकळे होतात, आणि काकांना वाटते की प्रकरण पूर्ण झाले. मला हा खोटा आदर वाटतो. ज्यांनी आपले आयुष्य आपल्यापुढे उलगडून ठेवले आहे, त्यांचे लेखन काळजीपूर्वक वाचणे हाच त्यांचा मान आहे.

यातून वाट निघते ती भाषेतूनच. निकाल द्यायचा नाही, आपल्या वाचनात काय घडले ते स्थळासह सांगायचे: ‘काका, चौथ्या परिच्छेदापर्यंत मी तुमच्याबरोबर महूच्या शाखेत उभी होते. पाचव्यात बदल्यांची यादी सुरू झाली आणि मला चेहरे दिसेनासे झाले. रोकड कमी भरल्याचा प्रसंग तुम्ही शेवटी दोन ओळींत उरकला आहे. मला तोच सविस्तर वाचायचा होता.’ यात काकांच्या वयाचा, अनुभवाचा किंवा लेखनशक्तीचा उल्लेख नाही. जे लिहिले आहे ते त्यांना नाकारताही येत नाही, कारण ते एका वाचकाला आलेले अनुभव आहेत. असेच टिपण मी प्रत्यक्षात पाठवले होते, आणि पाठवण्याआधी दोन दिवस ते लिहून ठेवून मी घुटमळत होते.

याच्या उलट चूक म्हणजे दुसऱ्याचा परिच्छेद आपल्या शैलीत पुन्हा लिहून देणे. एखादे वाक्य उदाहरणादाखल बदलून दाखवणे ठीक आहे, पण पूर्ण परिच्छेद बदलला की लेखकाचा आवाज निघून जातो. तसेच पहिल्या खर्ड्यातले ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नये. जो परिच्छेद उद्या गाळला जाणार आहे, त्यातल्या वेलांट्या आज सुधारून उपयोग नाही.

इथल्या मराठीला चूक समजणे, आणि खऱ्या चुकीला इथली मराठी समजणे

आमच्या गटातले सर्वाधिक मतभेद या ठिकाणी झाले, आणि इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोदे येथून लिहिणाऱ्याने याचा विचार गटात जाण्यापूर्वीच करून ठेवावा.

माझ्या एका कथेत राजवाड्यामागच्या वाड्यातली शेजारीण म्हणते, ‘पाणी पडून राहिलं आहे, छत्री घेऊन जा.’ पुण्याच्या एका सदस्याने प्रेमानेच शेरा लिहिला की, ‘पाऊस पडतो आहे’ असे हवे. मी नवखी होते. मी ते वाक्य बदलले, आणि मग त्याच धाकाने त्या बाईची सगळीच वाक्ये बदलली. दुसरा खर्डा वाचून ग्वाल्हेरच्या एका ताईंनी विचारले, ‘ही बाई इंदूरला नवीन आली आहे का? मागच्या खर्ड्यात ती तिथलीच वाटत होती.’ त्या एका प्रश्नाने मला कळले की मी व्याकरण सुधारताना माणूस घालवला होता. हिंदी आणि माळवी यांच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली मराठी पात्राच्या तोंडी येते तेव्हा ती त्या पात्राचा पत्ता असते. ‘केलं’, ‘झालं’ अशी बोलण्यातली रूपे संवादात लिहिणे तर मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनाही धरूनच आहे. १९६२चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार असे अवघे अठरा नियम आहेत, आणि दुसऱ्याचे शुद्धलेखन तपासू पाहणाऱ्याने ते एकदा तरी स्वतः वाचलेले असावेत.

परंतु ही मोकळीक निवेदनाला सरसकट लागू होत नाही. हिंदी माध्यमात शिकलेल्या एका तरुण सदस्याने लिहिले होते, ‘वडिलांनी मुलाच्या शिक्षेसाठी जमीन विकली.’ त्याला शिक्षण म्हणायचे होते. पुण्याची वाचक पुढची चार पाने मुलाने कोणता गुन्हा केला हे शोधत राहिली. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न आणि मराठीत थट्टा, ‘आपत्ती’ हिंदीत हरकत आणि मराठीत संकट, ‘संसार’ हिंदीत जग आणि मराठीत घरप्रपंच: दोन्ही भाषा एकाच लिपीत असल्याने असे शब्द डोळ्यांना खुपत नाहीत, आणि लिहिणाऱ्याच्या नजरेतून ते नेहमीच निसटतात. ही आपल्या बोलीची खूण नव्हे, कारण येथे वाचकाला भलताच अर्थ मिळतो. असे शब्द दाखवून देणाऱ्या बाहेरगावच्या सदस्याचे आभारच मानावेत.

म्हणून लेखनासोबतच्या टिपणात स्पष्ट सांगावे: ‘संवादातली भाषा जाणूनबुजून इंदुरी ठेवली आहे, निवेदनातले हिंदी वळण मात्र जरूर दाखवा.’ अभिप्राय देणाऱ्यानेही थेट दुरुस्ती करण्याऐवजी आधी ‘हे मुद्दाम आहे का?’ असे विचारावे.

प्रत्येक शेऱ्याला उत्तर देणे

अभिप्राय आला की ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. छापलेल्या कथेबरोबर लेखक खुलासा करायला जात नाही, आणि गटात खुलासा केला की पुढचे वाचक कथेऐवजी खुलासा वाचून मत देतात. आभार मानावेत, एखादा शेरा कळला नसेल तर तेवढेच विचारावे, आणि तीन-चार दिवस खर्डा उघडू नये.

अभिप्राय परस्परविरोधी आले तर गोंधळून जाऊ नये. एक जण म्हणतो शेवट लांबला, दुसरा म्हणतो घाईने उरकला, तिसऱ्याला तो कळलाच नाही. तिघांचे उपाय वेगळे असले तरी तिघेही एकाच जागी अडखळले आहेत, आणि तेवढी माहिती भरवशाची आहे. उपाय लेखकानेच शोधायचा असतो, आणि तो पुष्कळदा दोन पाने आधी सापडतो.

चोरीच्या भीतीने अर्धेच दाखवणे

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लेखन होताच हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर साठ वर्षे टिकतो. मात्र नुसत्या कल्पनेवर कोणाचाही हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटकाच्या आणि चित्रपटाच्या वादात हे स्पष्ट केले आहे. म्हणून लिहून झालेला खर्डा दाखवावा, नुसते कथाबीज सांगत फिरू नये. दिवाळी अंक बहुधा अप्रकाशित साहित्य मागतात, तेव्हा सर्वांना दिसेल अशा ठिकाणी कथा ठेवू नये, आणि बंदिस्त गटात दाखवलेली कथा चालेल का, हे संपादकांना विचारून घ्यावे.

उत्तर आले नाही की गट सोडणे

आठवडा उलटला आणि कोणीच काही लिहिले नाही, तर आधी लांबी, फाइल आणि विचारलेला प्रश्न तपासावा. मार्चअखेर, परीक्षांचे दिवस आणि दिवाळी अंकांसाठी लेखन पाठवण्याचे पावसाळी आठवडे यांत गट शांतच असतात. सर्वांना उद्देशून पुन्हा पुन्हा आठवण करण्यापेक्षा एकाच सदस्याला वैयक्तिक निरोप पाठवून एकाच परिच्छेदाबद्दल विचारावे. त्याला सहसा नकार येत नाही.

आणि खर्डा सुधारल्यावर तो बदल ज्यांच्यामुळे झाला त्यांना कळवायला विसरू नये. महूच्या शाखेबद्दलच्या त्या टिपणानंतर पाच आठवडे काकांकडून काहीच आले नाही, आणि मी त्यांना दुखावले असे समजून बसले होते. मग एका सकाळी नवे प्रकरण आले. बदल्यांची यादी गेली होती, पहिल्याच परिच्छेदात रोकड मोजणारे तीन कारकून होते, आणि खाली लिहिले होते, ‘तो प्रसंग लिहायला मला धीर होत नव्हता. आता सातवा परिच्छेद पाहा, तिथे अजून मी काहीतरी लपवतो आहे असे वाटते का?’