रॅगडॉल खेळात जास्त गुण कसे मिळवावेत: धडकेमागचं गणित

नरकासुराच्या रात्री गोव्यातल्या फोंड्यात आमच्या वाड्यावरच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. टेम्पोत नरकासुराचा पुतळा उभा होता. टेम्पो थांबला, पुतळ्याची कंबर दोरीने बांधलेली म्हणून तीही थांबली. पण गवत भरलेले हात खांद्यापासून पुढे झेपावले आणि मुंडकं छातीवर आपटलं. भाचा ओरडला, "मामा, रॅगडॉल!"

त्याचं बरोबर होतं. व्हिडिओ गेममधली रॅगडॉल, म्हणजे धक्का बसला की लुळी होऊन पडणारी बाहुली, अशीच असते: डोकं, धड, दंड, मांड्या असे कडक तुकडे आणि त्यांना जोडणारे सांधे. खांदा सगळीकडे फिरतो, गुडघा एकाच बाजूला वाकतो. पडणं कुणी आधी चित्रित केलेलं नसतं. ते त्या त्या क्षणी गणिताने ठरतं. म्हणूनच इथे बटणं बडवून भागत नाही, विचार करावा लागतो.

आधी जिना घ्या. फिनलंडच्या येत्रो लाउहाने २००२ साली केलेला 'स्टेअर डिसमाउंट' शिकायला सर्वांत चांगला, कारण त्यात बाहुलीला जिन्यावरून ढकलताना ठरवायच्या गोष्टी तीनच: धक्का कुठे, कोणत्या दिशेने, किती जोराचा. पहिला धक्का कमरेच्या आसपास द्या. वस्तुमानाचा मध्य तिथेच असल्याने बाहुली फारशी न फिरता सरळ पुढे जाते आणि जोर जास्त असेल तर निम्म्या पायऱ्या हवेतच ओलांडते. मग तोच जोर एका खांद्यावर द्या. आता ती गिरकी घेत पडते आणि पायऱ्यांच्या कडा एकामागून एक लागतात. गुण आघातांचे मिळत असल्याने मला दुसरी पद्धत जवळजवळ नेहमीच फळते.

मग वाहन. 'टर्बो डिसमाउंट' या बाहुलीला वाहनात बसवून धडकवायच्या खेळात नवखे लोक सर्वांत मोठा ट्रक निवडतात आणि समोर हलके अडथळे ठेवतात. ट्रक ते उडवून पुढे जातो, वेग फारसा कमी होत नाही आणि बाहुली जागची हलत नाही. बाहुली फेकली जायला वाहन अचानक थांबलं पाहिजे. नरकासुराचे हात टेम्पो थांबला म्हणूनच झेपावले. तेव्हा हलकं, उघडं वाहन घ्या, समोर न हलणारा पण बुटका अडथळा ठेवा. वाहन अडकतं, बाहुली वरून पुढे जाते. तिच्या वाटेत पुढे आणखी काहीतरी आपटायला ठेवा, नाहीतर मिळालेला वेग मोकळ्या रस्त्यावर घसरण्यात संपतो.

वेगाचं एक गणित पाठच करा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते: ताशी ३० किलोमीटरवरून ६० केलेत तर ऊर्जा चौपट. ताशी ६० ची धडक म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून पडणं. गोव्यात घरोघरी स्कूटर आहे, म्हणून हा आकडा मी भाच्याला खेळाबाहेरही ऐकवतो आणि हेल्मेटचा पट्टा स्वतः ओढून बघतो.

लांब फेकायचं असेल तर कोन बघा. २००४ च्या 'फ्लॅटआउट' या कार शर्यतीच्या खेळात ड्रायव्हरला काचेतून फेकून लांब उडी मारायची असते. हवेचा अडथळा सोडला तर सपाट जमिनीवर ४५ अंश सर्वांत लांब नेतात. पडायची जागा खाली असेल तर कोन थोडा कमी ठेवा. उतरल्यावर घसरत जायला वाव असेल तर आणखी कमी, कारण चपट्या कोनात पुढचा वेग शिल्लक राहतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वाहन, बाहुलीची बैठक आणि अडथळा एकदम बदललात तर गुण कशामुळे वाढले ते कळणार नाही. भाच्याने चाळीस पानी वही केली आहे: एक डाव तीनदा खेळायचा, तिन्ही आकडे लिहायचे, मगच पुढचा बदल. तीनदा, कारण सुरुवातीला हात केसभर इकडेतिकडे झाला तरी चौथ्या पायरीपर्यंत पडणं पार वेगळं होतं.

बाहुली कधी भिंतीतून आरपार गेली तर दचकू नका. युनिटी इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं एक सॉफ्टवेअर, सेटिंग बदललं नाही तर सेकंदाला ५० वेळा हालचालींचा आणि धडकांचा हिशेब करतं. ताशी १८० किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू दोन हिशेबांच्या मध्ये पूर्ण १ मीटर सरकते. वीतभर जाडीची भिंत तेवढ्यात मागे पडू शकते. असा डाव वहीत लिहू नका. जाड अडथळा घ्या, नाहीतर जोर थोडा कमी करून पुन्हा सोडा.