जुन्या ब्रुअरीचं रूप बदलताय? या चुका टाळा

बिअरच्या दुकानात लेबल वाचत कोण उभं राहतं? इंदुरात गिऱ्हाईक जाळीतून नोट सरकवतं आणि म्हणतं, "भैया, वो लाल वाली देना." हा 'लाल' म्हणजे जुन्या ब्रुअरीची खरी कमाई, आणि नव्या डिझाइनमध्ये पहिला बळी बहुधा त्याचाच जातो. दारूच्या थेट जाहिरातीला बंदी असल्याने "आम्ही तेच, फक्त कपडे बदललेत" असं होर्डिंग लावून सांगताही येत नाही.

म्हणून लोगोला हात लावण्याआधी जुन्या बाटलीवरचं नाव कागदाने झाका आणि दुकानदाराला, नेहमीच्या गिऱ्हाइकांना तीन मीटरवरून दाखवा. कशावरून ओळखली ते लिहून घ्या: पट्टीचा रंग, बुच, एखादं चित्र. जे दोन घटक सगळ्यात जास्त वेळा येतील ते तसेच ठेवा, बाकी खुशाल बदला. इंग्लंडच्या बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण १८७६ साली नोंदला गेला, ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क. लेबलं कितीदा बदलली, त्रिकोण राहिला.

पारदर्शक बाटली

स्क्रीनवर ती देखणीच दिसते. पण हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) कडू घटक प्रकाशात तुटतात, बिअरमधलं रायबोफ्लेविन (ब२ जीवनसत्त्व) त्या कामाला हातभार लावतं आणि गंधकाचं एक उग्र वासाचं संयुग तयार होतं. भर उन्हात याला काही मिनिटं पुरतात; दुकानातल्या फ्रिजच्या दिव्याखाली जरा जास्त वेळ लागतो, इतकंच. हिरवी काच थोडंच वाचवते, तपकिरी बरंच. पारदर्शकच हवी असेल तर प्रकाशात टिकणारा हॉप अर्क वापरावा लागतो. त्याने चव बदलते, तेव्हा हा निर्णय डिझायनरने एकट्याने घ्यायचा नाही.

लेबल सुटतं, फुगतं, रंग सोडतं

सर्वाधिक तक्रारी इथल्या. लेबल लावताना बाटली ओली असली की गोंद धरत नाही आणि कडा उचलतात. पाश्चरायझरमध्ये भरलेल्या बाटल्यांवर गरम पाणी सोडतात; त्यानंतर त्या सुकवणारी हवेची फुंकणी आधी तपासा. मधोमध फुगे आले तर गोंदाचा थर असमान आहे. सगळं लेबलच कुरळं होत असेल तर कागदाच्या धाग्याची दिशा चुकली आहे. लेबलिंग यंत्र बनवणाऱ्याला योग्य दिशा विचारा आणि छपाईच्या ऑर्डरवर ती लिहूनच द्या.

छपाईआधी वीस नमुने बाटल्यांवर लावा, रात्रभर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि सकाळी ओल्या अंगठ्याने घासा. शाई बोटाला आली किंवा कागद लगदा झाला तर कागद बदला. ओलाव्यात टिकणारा कागद घ्या.

बाटल्या पुन्हा भरायला परत येत असतील तर उलटीही परीक्षा आहे. धुलाईच्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, साधारण दोन टक्के आणि ८० अंशांच्या आसपास, लेबल अख्खं सुटून यायला हवं आणि त्याची शाई पाण्यात उतरता कामा नये. चकाकीसाठी जाड अॅल्युमिनियम फॉइल लावलंत तर ते कॉस्टिकमध्ये विरघळून हायड्रोजन सोडतं. परत आलेल्या काचेवर दुसऱ्या कंपनीचं चिन्ह उठवलेलं असेल तर ती बाटली भरणीआधीच बाजूला काढा.

कॅनचं गणित वेगळं. तिथे धातूवर थेट छपाई होते. खाली पांढरा थर दिला नाही तर लाल रंग मळकट दिसतो, आणि बारीक छटांची जुनी चित्रं चिखल होतात. अशी चित्रं जाड रेषांत नव्याने काढून घ्या.

वारशाचा अतिरेक

'स्थापना' लिहिताना साल कशाचं ते ठरवा: कारखान्याचं, कंपनीचं की ब्रँडचं? कसौलीची ब्रुअरी १८५५ची, पण तिच्या कंपनीचं मोहन मीकिन हे नाव विसाव्या शतकातलं. पुरावा नसेल तर साल गाळा. आणि होळकरी थाट आणायला मोडीत काहीबाही खरडू नका. मोडी वाचणारे इंदुरात अजून आहेत, चूक चारचौघांत दाखवून देतील.

कागदपत्रं

लेबल आबकारी खात्याकडे नोंदवावं लागतं, दर आर्थिक वर्षाला आणि प्रत्येक राज्यात वेगळं. मध्य प्रदेशाच्या आबकारी आयुक्तांचं कार्यालय ग्वाल्हेरला मोती महालात आहे. १ एप्रिलला नवं लेबल बाजारात हवं असेल तर डिझाइन दिवाळीपर्यंत पक्कं करा आणि जुनी लेबलं शिल्लक पाहून बेतानेच छापा. आरोग्याचा इशारा किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत लागतो. शेवटी कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा त्याची जागा पहिल्याच आराखड्यात धरा.

बिअरचा ट्रेडमार्क नोंदणीच्या वर्ग ३२मध्ये येतो. चिन्हाची ओळख मुळात बदलली तर जुनी नोंदणी नव्या रूपाला पुरत नाही, नवा अर्ज करावा लागतो. जुनं चिन्ह सलग पाच वर्षं वापरलं नाही तर ते रद्द करून घ्यायला त्याची झळ बसणारा कोणीही अर्ज करू शकतो, म्हणून ते निदान बाटलीच्या गळ्यावरच्या लेबलवर चालू ठेवा. डिझायनरकडून कॉपीराइट लिहून घेताना मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.