कायद्यातल्या शब्दाचा नेमका अर्थ कसा शोधावा?

वाकडला फ्लॅट बघायला गेलं की ‘सेलेबल’, ‘बिल्टअप’, ‘कार्पेट’ असे क्षेत्रफळाचे शब्द ऐकून डोकं गरगरतं. यातल्या ‘कार्पेट’चा अर्थ कायद्यानंच ठरवून दिलाय.

कायद्याचा मजकूर ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. व्याख्या बहुधा कलम २ मध्ये असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये मात्र त्या कलम ७ मध्ये आहेत. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या स्थावर मालमत्ता कायद्यात (२०१६) कार्पेटमधून बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि खुली गच्ची वगळली आहे. खोल्यांमधल्या भिंती मात्र धरल्या आहेत. म्हणजे जिथे सतरंजी अंथरता येते तेवढंच कार्पेट, हा आपला समज तिथेच संपतो.

मग ‘म्हणजे’ आहे की ‘यात समावेश होतो’, ते बघा. ‘म्हणजे’नं व्याख्येला कुंपण पडतं, ‘समावेश’नं अर्थ रुंदावतो. रेरातल्या ‘अलॉटी’च्या व्याख्येत दोन्ही आहेत: ज्याला बिल्डरनं फ्लॅट दिला तो, शिवाय त्याच्याकडून पुढे विकत घेणाराही. भाडेकरू नाही.

एका कायद्याची व्याख्या दुसऱ्याला चिकटवू नका. एफएसआयला (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मराठीत ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतात, पण तो काही रेरातल्या कार्पेटवरून मोजत नाहीत! (हे भाषांतर कुणाला सुचलं, देव जाणे.)

व्याख्याच नसेल तर? ‘व्यक्ती’सारखे सर्वसाधारण शब्द १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यात सापडतात, तिथे कंपनीसुद्धा व्यक्ती आहे. तिथेही नसेल तर न्यायालयाचे निकाल. माझा आवडता निकाल अकोल्याच्या पानविक्रेत्याचा, सर्वोच्च न्यायालयाचा, १९६१ चा. भाजीवर विक्रीकर नव्हता. विड्याचं पान ही भाजी का? वनस्पतिशास्त्राचा अर्थ बाजूला ठेवून न्यायालयानं बाजारातला, रोजच्या बोलण्यातला अर्थ घेतला. पान भाजी ठरलं नाही, कर लागला.

निकाल वाचताना तो कोणत्या कायद्याखालचा आहे आणि नंतर त्या कलमात दुरुस्ती झाली का, हे तपासाच. जुना मजकूरही बघा. त्याच खटल्यात करमाफीच्या यादीत आधी भाजी आणि पानं अशा वेगवेगळ्या नोंदी होत्या. पानांची नोंद पुढे दुरुस्तीनं काढली गेली होती, आणि न्यायालयानं तेही लक्षात घेतलं.